तीस मिलिअँपिअर

सावईवेऱ्याहून फोन आला तेव्हा
माझ्या घरची आरती अर्ध्यावर होती.
"दामू, तुझं ते खोकं सारखं पडतंय रे.
घुमट वाजलं की काळोख.
काडून उडय ते. सरळ जोड."
उमाकांत वेरेकरांचा आवाज, त्यामागे पन्नास माणसं
आणि कुणीतरी मेणबत्त्या शोधतंय.

सरळ जोडायला दोन मिनिटं लागतात.
दोन स्क्रू, वीतभर तार.
कुणाला कळत नाही, बिलही फारसं होत नाही,
वर नेवऱ्या बांधून देतात.

मला ठाऊक आहे, कारण मी ते केलंय.
चांदरच्या बाजूला, फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी.
एर्मेलिंदा बाय म्हणाली, "पाहुणे आलेत, पुता,
आजच्या दिवसापुरतं."
तो आजचा दिवस अकरा महिने चालला.
कपड्यांची तार त्यांनी बांधली होती
पडवीतल्या दिव्याच्या खिळ्याला.
टॉवेल ओला होता.
एवढंच सांगतो. टॉवेल कुणी काढायला गेलं, ते नाही.

स्कूटर अंगणात लावली. आत कापराचा धूर,
मोबाईलचे उजेड एकमेकांच्या तोंडावर,
आणि माझ्याकडे बघणारे सगळे जण असे,
जणू वीज मीच खिशात घेऊन गेलो होतो.
वर माटोळी.
कांगलां, तोरिंगां, सुपारीचे शिपटे,
टवटवीत राहावीत म्हणून तासा-तासाला पाणी मारलेली.
लाकडाची चौकट गेल्या वर्षी मोडली,
म्हणून यंदा लोखंडी अँगल,
एक टोक थेट भिंतीच्या ओल्या चिऱ्यात.
त्यातून फिरवलेली माळ,
म्हापशाच्या बाजारातली, तीनशे दिव्यांची.
आरतीला उभे राहिले की ही माळ लावायचे.
घुमटाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

जोड सापडला. सेलोटेपचा.
आत तांबं हिरवं पडत चाललेलं.
पाणी देठावरून उतरतं, घाई करत नाही,
तिथवर येतं आणि थांबतं.
तिथून अँगल.
अँगलखाली उमाकांतचा भाऊ उभा,
खांद्यावर तीन वर्षांचा पोर.
पोर कांगलं धरायला हात वर करत होता,
मघापासून, प्रत्येक आरतीला.

मी काही बोललो नाही.
शिडीवरून उतरलो, माळ गुंडाळली, पिशवीत टाकली.
"एवढंच?" उमाकांत म्हणाले.
"एवढंच."

त्यांची मुलगी शर्वाणी मात्र बोर्डापाशी उभी.
"काका, ह्याला कळतं कसं?"
मी म्हटलं, वळवईची फेरी बघितलीस ना?
पलीकडे किती गेले, तेवढेच परत आले का,
एवढंच हे मोजत बसतं.
एक जरी कमी भरला
तर विचारत नाही कोण, कुठे गेला.
फेरी बंद.
"आणि हे टी लिहिलेलं?"
दाब, म्हटलं.
तिने दाबलं.
घर पुन्हा गेलं काळोखात, आरडाओरडा झाला,
कुणाची तरी वाटी पडली,
आणि त्या सगळ्यात ती पोर हसली.
महिन्याला एकदा, मी सांगितलं.
दाबून पडलं तर ते जागं आहे.
नाही पडलं तर मला बोलाव. फेस्त असो, चवथ असो.

उमाकांतनी बिलातले पन्नास कापले,
माळ जप्त केल्याचे असावेत.
नेवऱ्या दिल्याच.

त्या रात्री घरी आलो तो आत गेलो नाही.
मागीलदारी अर्थिंगचा खड्डा,
कोळसा आणि आगरवाड्याचं मीठ घालून मीच केलेला.
पाऊसपाणी बक्कळ झालं होतं, गरज नव्हती,
तरी एक बादली ओतली.
बायकोने खिडकीतून विचारलं, काय करतोस?
काही नाही, म्हटलं.

परवा अनोळखी नंबर.
"काका, मी शर्वाणी. दाबलं.
लाईट गेली."
लगेच?
"लगेच. आजी ओरडतेय.
लावू आता परत?"

लाव.